रताळ्याचं नाव आणि तिखटमिठाच्या फोडी

आज बोलायचंय रताळ्याबद्दल. रताळं म्हटलं की उपवास आठवतो, आणि उपवास म्हटलं की आपण समजतो, हा फराळ ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून असाच चालत आला. तो खरंच तसा आला का, हे आज जरा बघू या.

आम्ही हडपसरच्या. आषाढी वारीत पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या आमच्याकडे येतात आणि इथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला. हे दिवस एकादशीच्या आसपासचे. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी उपवासाचा फराळ मांडलेला असतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली रताळी आणि सगळ्यात मिरची.

यातलं ज्ञानोबांच्या वेळी काय होतं? ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० साली. तेव्हा यातली एकही वस्तू महाराष्ट्रात नव्हती. रताळं, बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्याच्यापासून आजचा साबुदाणा करतात तो टॅपिओकाचा कंद, ही पाचही पिकं मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिथं पोचला १४९२ साली. त्यानंतर ही पिकं जहाजांतून जगभर गेली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली, आणि आपल्या किनाऱ्यावर नवी रोपं, नवे कंद उतरू लागले. तुकोबांचा काळ सतराव्या शतकातला, म्हणजे पोर्तुगीज येऊन शंभर वर्षं उलटल्यानंतरचा. हडपसरला ज्या दोन वाटा फुटतात, त्यांतल्या एका पालखीचे संत या पिकांच्या आधीचे आणि दुसरीचे नंतरचे. आपण मात्र दोघांच्या वारकऱ्यांना तोच फराळ वाढतो.

आता नावाची गंमत ऐका. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पण ‘बटाटा’ हे मुळात रताळ्याचं नाव! अमेरिकेजवळच्या बेटांवरचे मूळ रहिवासी रताळ्याला बटाटा म्हणत. पुढे दुसरा कंद सापडला, आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो. त्यालाही तेच नाव चिकटलं. मग पोर्तुगीज रताळ्याला ‘गोड बटाटा’ म्हणू लागले. थोरल्या बहिणीचं नाव धाकटीनं घेतलं, असं म्हणा ना.

मग आपल्याकडे ‘रताळं’ कुठून आलं? हा शब्द मात्र इथलाच, जुना. संस्कृतात ‘रक्तालु’ म्हणजे तांबडा कंद. आपण ज्याला कोनफळ म्हणतो, त्या जांभळ्या कंदाला गुजरातीत आजही ‘रतालू’ म्हणतात, आणि उंधियूत घालतात तो तोच. गुजरातीत आपल्या रताळ्याला म्हणतात ‘शक्करिया’ आणि हिंदीत ‘शकरकंद’, म्हणजे साखरेसारखा गोड कंद. मराठीनं वेगळं केलं. परदेशातून आलेल्या तांबड्या सालीच्या या कंदाला तिनं घरातलंच जुनं नाव दिलं. नाव घरचं मिळालं, की परकेपण कुणाच्या लक्षात राहत नाही. सासरी आलेल्या मुलीचंही असंच होतं, नाही का?

आणि ते थेट उपवासाच्या ताटात जाऊन बसलं. उपवासाला धान्य चालत नाही, कंदमुळं चालतात, हा नियम जुना. रताळं कंदच, म्हणून चाललं. मागून बटाटा आला, तोही चालला. मिरची आली, तिला मिऱ्याच्या शेजारी जागा मिळाली. आजच्या साबुदाण्याचे मोठे कारखाने तमिळनाडूत सेलमकडे उभे राहिले ते १९४०च्या दशकात. म्हणजे ही खिचडी घरोघरी पोचून फार पिढ्या झालेल्या नाहीत. काय चालतं आणि काय चालत नाही, हे पोथीपेक्षा चुलीपाशी जास्त ठरलं. म्हणून तर एका घरी उपवासाला जिरं चालतं, शेजारच्या घरी चालत नाही. एकीकडे कोथिंबीर चालते, दुसरीकडे नाही. हे ठरवणाऱ्या आपल्याच आज्या-पणज्या होत्या. त्यांनी नवं पीक पारखलं, शिजवून पाहिलं, नियमात बसवलं. हा सुद्धा इतिहासच आहे, मैत्रिणींनो.

आता करू या तिखटमिठाच्या गरम फोडी. रताळं म्हणजे गोडच, असं नाही. चार माणसांना तोंडीलावणं म्हणून अर्धा किलो रताळी घ्या. आषाढीला पुण्याच्या बाजारात करमाळ्याकडची गावरान आणि बेळगावकडची, अशी दोन्ही येतात. गावरान आकारानं लहान पण चवीला गोड. माती नीट धुवा आणि सालासकट उकडा. सुरी सहज आत गेली की काढा, फार उकडलं तर लगदा होतो. सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. कढईत दोन चमचे तूप तापवा, त्यात जिरं आणि तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे घाला. फोडी आणि मीठ घालून हलक्या हातानं परता, झाकण ठेवून एक वाफ काढा. खाली उतरवून अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. गरम गरमच वाढा, गार झालं की तूप थिजतं आणि चव उतरते. उपवास नसेल त्या दिवशी तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण घाला आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खा.

पण हे सगळं सांगण्याचं खरं कारण पुढे आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आठवड्यातून दोन-दोन उपवास करतात आणि दिवसभर शेतात राबतात. पोटात काय जातं? वाटीभर साबुदाणा. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो. रताळ्यात त्याच्या जोडीला चोथा आणि जीवनसत्त्वंही असतात, आणि कुटातून प्रथिनं मिळतात. आतून केशरी असलेल्या रताळ्यात तर जीवनसत्त्व अ शरीराला मिळवून देणारं द्रव्य भरपूर असतं, आणि तुपाच्या फोडणीमुळे ते अंगी चांगलं लागतं. आफ्रिकेत मुलांच्या आहारात हे केशरी रताळं आणण्याच्या कामाला २०१६ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या देशातही तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेनं ‘भू सोना’ नावाची केशरी जात काढली आहे. लावायला बी लागत नाही, वेलाचे तुकडे पुरतात. चार महिन्यांत रताळी काढायला येतात, आणि वेल जनावरं आवडीनं खातात. बांधाकडेच्या दोन सऱ्या गटानं मिळून लावायला काय हरकत आहे?

उपवास सोडा, असं आम्ही म्हणत नाही. उपवासाचं ताट आधीही बायकांनीच बदललं, तेव्हा आताही बदलता येतं, एवढंच आमचं म्हणणं. गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीला बोलवा. तिला विचारा, तुमच्या लहानपणी एकादशीला काय खायचे? वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, ती जे सांगेल ते एका वहीत उतरवून घ्या. ती वही गटाच्या हिशेबाच्या वहीइतकीच जपून ठेवा. आणि त्या दिवशी आजीच्या पुढ्यात गरम फोडींची वाटी ठेवायला विसरू नका.