पातळ तळाचा जोडा

इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वतांत १९३५ सालीं गिर्यारोहकांच्या एका तुकडीला वादळानें गांठलें आणि तींतील सहा जण थंडीनें मरण पावले. कातळ चढण्यासाठीं त्या काळीं पातळ तळाचे हलके जोडे घालीत. बर्फ पडल्यावर त्यांना ना पकड राही, ना ऊब. सोबत्यांच्या या मृत्यूचा घाव विताले ब्रामानी यांच्या मनाला लागला. त्यांनीं खोल खांचांचा जाड रबरी तळ घडविला, १९३७ सालीं त्याचें पेटंट घेतलें आणि स्वतःच्याच नांवांतील अक्षरें जुळवून त्याला 'विब्राम' म्हटलें. १९५४ सालीं के-टू शिखरावर प्रथम पोहोंचलेल्या इटालियनांच्या बुटांना हाच तळ होता.

जाड तळाच्या या घराण्यानेंच २००६ च्या सुमारास पांच बोटांचा, अगदीं पातळ तळाचा जोडा बाजारांत आणावा, ही या इतिहासांतील मौज म्हटली पाहिजे. मूळ कल्पना रॉबर्ट फ्लीरी या तरुण रचनाकाराची. नौकेवर वावरणाऱ्यांचा विचार त्यांत होता. पण जोडा उचलला तो धांवणाऱ्यांनीं आणि डोंगर चढणाऱ्यांनीं.

पहिला अनुभव बहुधा सारखाच येई. जोडा चढवितांनाच खोळंबा. करंगळी आपल्या घरांत जाण्यास राजी नसे. वाटेवर उतरल्यावर मात्र जमीन बोलूं लागे: हा खडा, ही ओल, हें झाडाचें मूळ. टाच आपटली कीं कळ जाई, म्हणून पाऊल आपोआप आखूड होऊन चवड्यावर पडूं लागे. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनीं २०१० सालीं हेंच मोजून दाखविलें. अनवाणी धांवण्याची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाचेवरचा आकस्मिक धक्का टाळतात.

या उत्साहाला जुन्या कथांचें पाठबळ होतें. १९६० सालीं रोमला इथिओपियाच्या अबेबे बिकिलानें अनवाणी मॅरेथॉन जिंकली. (चार वर्षांनीं तोक्योला त्यानेंच बूट घालून ती अधिक वेगानें जिंकली, हें कथेचें दुसरें अर्ध सहसा सांगत नाहींत.) १९९३ सालीं अमेरिकेंतील लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत मेक्सिकोच्या ५५ वर्षांच्या व्हिक्टोरियानो चुर्रोनें मोटारीच्या टायरच्या वहाणा घालून जिंकली. पुण्यासहि हें नवें नव्हतें. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारीं शेतकऱ्यांचीं मुलें पाहूनच सर दोराबजी टाटांच्या मनांत ऑलिंपिकचा विचार आला, आणि १९२० सालीं फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धांवले.

परंतु हे पाय बाळपणापासून मातीनें घडविलेले. शहरांतल्या गिऱ्हाइकाचा पाय तीस-चाळीस वर्षें गादीवर वाढलेला. त्याला एका आठवड्यांत रानांत सोडलें तर तो तक्रार करणारच. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ३६ धांवपटूंपैकीं कांहींना दहा आठवड्यांत या जोड्याची सवय करावयास लाविलें. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या पायाच्या हाडांत सूज आढळली. तोंपर्यंत अमेरिकेंत कंपनीवर दावाहि लागला होता: जोड्यानें स्नायू बळकट होतात, इजा टळतात, हें कशाच्या आधारावर सांगितलें? २०१४ सालीं कंपनीनें दोष मान्य न करतां साडेसदतीस लाख डॉलरांवर तडजोड केली आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊं केले. जोडा विकणें तिनें थांबविलें नाहीं.