हेरिंगच्या शोधांतून मिळालेली साक्ष

उत्तर समुद्रांतील हेरिंग मासा काय खातो, या प्रश्नाचा पाठपुरावा केलेल्या ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें एक यंत्र रचिलें. जहाजामागें ओढलें असतां त्यांतून पाणी वाहतें, त्यांतील सूक्ष्म जीव रेशमी पट्टीवर अडकतात आणि ती पट्टी गुंडाळली जाऊन फॉर्मॅलिनमध्यें साठते. १९३१ पासून हीं यंत्रें मालवाहू जहाजांमागें फिरूं लागलीं. तपासून झालेल्या पट्ट्या टाकून दिल्या असत्या, तरी कोणी दोष दिला नसता. त्या जपल्या गेल्या, हेंच आम्हांस या इतिहासांत मोठें वाटतें.

प्लिमथचे रिचर्ड थॉम्प्सन व त्यांचे सहकारी यांनीं ॲबर्डीन ते शेटलंड आणि सूल स्केरी ते आइसलंड या मार्गांवरील जुन्या पट्ट्या पुन्हां तपासल्या. निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. १९६० नंतरच्या दशकांतील पट्ट्यांवरही प्लास्टिकचे कण व तंतु होते, आणि पुढें ते वाढत गेले होते!

मग माशांच्या पोटाकडे लक्ष वळलें. २०१३ सालच्या एका डच पाहणींत उत्तर समुद्रांतील १,२०३ मासे चिरून पाहिले. त्यांत हार्डीचा हेरिंगही होता. प्रारंभीं बारीक तंतु पुष्कळ दिसले. पण प्रयोगशाळेची हवा शुद्ध ठेवतांच ते दिसेनासे झाले! संशोधकांनीं ते सारे तंतु हिशेबांतून वगळले. उरले शेंकडा २.६ मासे, ज्यांच्या पोटांत प्लास्टिक निश्चित होतें. आंकडा लहान खरा, पण मोठ्या आंकड्याचा मोह टाळून मिळविलेला असल्यामुळें आम्ही त्यावर अधिक विसंबतों.

हार्डीचीं यंत्रें अजून ओढलीं जात आहेत. त्यांच्या पट्ट्यांवर आतां जीवांबरोबर प्लास्टिकचीही नोंद होते.