कोकणातील खोबरेल : घाणा आणि चूल

खोबरेल तेलाच्या गृहोपयोगांची यादी कोकणात सर्वपरिचित आहे. समईतील वात, केसांचे पोषण, तान्ह्या मुलाचे मर्दन, थंडीत उललेल्या त्वचेवरचा हात, गोमंतकातील स्वयंपाक अशी कितीतरी कामे तीत येतात. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. ही सारी कामे एकाच तेलाने होत होती काय, आणि नसल्यास त्यांपैकी कोणत्या तेलाचा इतिहास लिहिला गेला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना गार्सिया द ओर्त या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ उपयोगी पडतो. तो १५३४ साली गोव्यास आला आणि भारतीय औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात नारळाच्या दोन तेलांचा स्पष्ट भेद आढळतो. एक ताज्या खोबऱ्यापासून गरम पाण्याच्या साहाय्याने काढलेले, दुसरे वाळलेले खोबरे पिळून काढलेले. पहिले सौम्य रेचक, तर दुसरे शिरा व सांधे यांच्या दुखण्यावर गुणकारी, असे तो नोंदवतो. म्हणजे काढण्याची रीत बदलली की उपयोगही बदले.

हा भेद कोकणच्या बोलीतही टिकून राहिला. ओला नारळ खवून, त्याचा रस पिळून, तो चुलीवर आटवून जे तेल सुटते त्याला ‘आवेल’ म्हणतात. ते थोडे निघते, त्याला वेळ व सरपण फार लागते. म्हणून ते बाळ-बाळंतिणीसाठी व औषधासाठी जपून ठेवले जाई. उन्हात वाळवलेल्या खोबऱ्यात तेलाचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक असते. ते बैलाच्या घाण्यावर गाळले की दिव्याला, डोक्याला व विक्रीला पुरेल इतके तेल मिळे.

घाण्याच्या तेलाचा मागोवा घेणे तुलनेने सोपे आहे. मराठी राजवटीत मोहतर्फा या व्यवसायकरात तेल्यांचे घाणे मोजले जात. कुलाबा प्रांतातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, मराठीभाषक बेने इस्रायल लोक तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. त्यामुळे त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले, आणि एका समाजाच्या धर्माचरणाची खूण त्याच्या धंद्याच्या नावात राहिली. पुढे यंत्र आले. १९१७ साली स्थापन झालेल्या टाटा ऑइल मिल्सने एर्नाकुलमजवळ खोबरे गाळण्याची गिरणी काढली आणि पुढे साबणाचे उत्पादन हाती घेतले. दिव्यातील तेलाची जागा रॉकेलने बव्हंशी घेतली होतीच. खोबरेल मुख्यतः डोक्याचे तेल व साबणाचा कच्चा माल म्हणून देशभर पोचले. सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली ते थिजते. त्यामुळे देशावर हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवण्याचा परिपाठ पडला.

आवेलाची मात्र अशी नोंद होण्याचा मार्गच नव्हता. ते स्त्रियांनी घरच्या चुलीवर काढले. त्यावर कर नव्हता आणि त्याचा व्यापारही फारसा नव्हता. दफ्तर करासाठी लिहिले जाते, म्हणून ज्यावर कर नाही ते दफ्तरात बहुधा उतरत नाही. एवढ्यावरून ते व्यवहारात गौण होते असा निष्कर्ष काढणे सदोष ठरेल.

अलीकडे ओल्या नारळाच्या रसापासून काढलेले तेल ‘व्हर्जिन’ या नावाने बाजारात चढ्या दराने विकले जाते. त्याच्या गुणांविषयी तारतम्य राखणे इष्ट आहे. खोबरेल केसांतील प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, असे रेळे व मोहिले यांच्या २००३ सालच्या प्रयोगांत आढळले. तथापि त्यातील सुमारे नव्वद टक्के मेद संपृक्त असल्याने आहारात ते बेताने घ्यावे, असे आहारशास्त्र सांगते. इतिहासदृष्ट्या महत्त्वाचे हे की, या नव्या मालाचे मूळ तत्त्व ओर्तच्या पहिल्या तेलाचे व कोकणातील आवेलाचेच आहे. बाजाराने त्याला नवे नाव दिले. ज्या हातांनी ही विद्या चार शतकांहून अधिक काळ सांभाळली, त्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. कोकणच्या आर्थिक इतिहासात घाण्याशेजारी चुलीलाही स्थान दिल्यावाचून तो पूर्ण होणार नाही.