बायप्लेनच्या सर्वोमध्ये बदल करायचाय? आधी हे समजून घ्या

रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे पंख, पंखा, बॅटरी सगळं नजरेत भरतं. पण विमान वळवणं, वर घेणं, सरळ ठेवणं हे काम करतो तो काडेपेटीपेक्षाही लहान एक डबा. तोच सर्वो. आमच्या नेरमध्ये फोमचं विमान बनवणारी थोडीच पोरं आहेत, पण त्यांचा माझ्याकडे येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "भाऊ, सर्वो खराब निघाला, खोलून बघू काय?" बायप्लेन, म्हणजे वर-खाली दोन पंख असलेलं विमान, असेल तर हा प्रश्न हमखास येतो.

सर्वोच्या आत काय असतं?

एक छोटी मोटर, चार-पाच गिअर, एक सर्किट आणि एक पोटेन्शिओमीटर. हा पोटेन्शिओमीटर म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच भाग. तो सर्वोच्या दांड्याला जोडलेला असतो आणि दांडा आत्ता कुठे आहे ते सर्किटला सांगत राहतो. दुसरीकडून रिसीव्हर दर २० मिलिसेकंदांनी एक सिग्नल पाठवतो. तो साधारण १ मिलिसेकंद लांब असेल तर दांडा एका टोकाला, दीड असेल तर मध्यावर, २ असेल तर दुसऱ्या टोकाला. सर्किट दोन्हींची तुलना करतं आणि फरक संपेपर्यंत मोटर फिरवतं. फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी ओआयएस नावाची सोय असते, तिचं तत्त्वही असंच आहे: आत्ता कुठे आहे ते मोजा, कुठे हवं ते बघा, फरक मिटवा.

खरंच चार सर्वो लागतात का?

बायप्लेन म्हटलं की पोरं चारही पंखांना आयलरॉन लावतात. आयलरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा पट्टा, ज्याने विमान कुशीवर झुकतं. चार पट्टे म्हणून चार सर्वो. पण खऱ्या विमानांकडे बघा. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं टायगर मॉथ हे प्रशिक्षणाचं बायप्लेन. आपल्या हवाई दलातल्या कित्येकांनी त्यावर धडे गिरवले. त्याला आयलरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत. पहिल्या बायप्लेनला दोनच आयलरॉन ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन कमी, बॅटरीवरचा भार कमी, बिघडायला जागा कमी.

वरच्या पंखांनाही हवेच असतील, तर प्रत्येक बाजूला एकच सर्वो खाली ठेवून वरचा पट्टा पातळ तारेने किंवा कार्बनच्या काडीने खालच्याला जोडता येतो. काडी दोन्ही पट्ट्यांवर बिजागरीपासून सारख्याच अंतरावर जोडायची. अंतर चुकलं तर एक पट्टा जास्त हलतो, दुसरा कमी.

सर्वो उलटा फिरवणे

डाव्या-उजव्या पंखांतले सर्वो आरशातल्या प्रतिमेसारखे बसतात. वाय आकाराच्या वायरने दोन्ही एकाच चॅनेलला जोडले, की एक आयलरॉन वर जातो, दुसरा खाली. नेमकं हेच हवं असतं. घोळ होतो तो एकाच बाजूच्या वरच्या-खालच्या सर्वोंचा. एकाचा दांडा विमानाच्या मध्याकडे आणि दुसऱ्याचा टोकाकडे बसला, तर एकाच बाजूचे दोन पट्टे एकमेकांविरुद्ध हलतात आणि विमान वळायचं नाव घेत नाही.

पहिला उपाय फुकट आहे: सर्वो काढून दुसऱ्या तोंडाने बसवा. दुसरा उपाय रिमोटमध्ये आहे. वेगळं चॅनेल मोकळं असेल तर ते मिक्स करून रिव्हर्स करा. हे दोन्ही जमत नसेल तरच सर्वो खोला. आत मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची आणि पोटेन्शिओमीटरच्या तीनपैकी बाहेरच्या दोन वायरींचीही. मधल्या वायरीला हात लावायचा नाही. हे दोन्ही बदल सोबतच व्हायला हवेत. फक्त एकच केला, तर सर्किट फरक मिटवायला जातं आणि मोटर तो वाढवते. दांडा टोकाला जाऊन आदळतो आणि प्लॅस्टिकचे दात साफ होतात. वायरी केसासारख्या असतात, म्हणून सोल्डरिंग मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडून करून घेतलेलं बरं. त्याच्याकडे बारीक टोकाचं यंत्र आणि भिंग असतं.

यूट्यूबवर सर्वो ३६० अंश फिरवायचा जुगाड दिसतो. तो चाकाच्या रोबोटसाठी ठीक आहे. त्यात पोटेन्शिओमीटरच निकामी करतात, म्हणजे सर्वोला स्वतःची जागा कळत नाही. विमानात तो चालत नाही, विषय संपला.

न खोलता ताकद वाढवा

९ ग्रॅमच्या साध्या सर्वोवर ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंटीमीटर असा आकडा असतो. म्हणजे दांड्यापासून १ सेंटीमीटरवर तो जास्तीत जास्त १.८ किलोचा जोर लावतो. तीच काडी ६ मिलिमीटरवरच्या भोकात घातली, तर जोर ३ किलो होतो. म्हणून सर्वोच्या हातावर आतलं भोक आणि पट्ट्याच्या हातावर बाहेरचं भोक निवडा. पट्टा कमी हलेल, पण ताकद वाढेल आणि गिअरमधली ढिलाई कमी जाणवेल. गिअर वारंवार तुटत असतील तर धातूच्या गिअरचा सर्वो घ्या. वजन ४-५ ग्रॅमने वाढेल.

खरा धोका: वीज

चार आयलरॉन, एक एलिव्हेटर, एक रडर असे सहा सर्वो झाले. अडकलेला एक छोटा सर्वो अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढू शकतो. या सगळ्यांना वीज देतो तो ईएससीमधला बीईसी, आणि स्वस्त बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून फेकतो. पूर्ण भरलेली तीन सेलची बॅटरी १२.६ व्होल्टची, सर्वोला हवेत ५. म्हणजे ७.६ व्होल्ट वाया. २ अँपिअर ओढले की १५ वॉट उष्णता, तीही फोमच्या पोटात आणि आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात! बीईसी तापून बंद पडला की रिसीव्हर बंद, आणि मग रिमोट हातात असून उपयोग नाही. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया असतील तर काय होईल, तुम्हीच विचार करा. म्हणून सहा सर्वो असतील तर वेगळा स्विचिंग बीईसी लावा आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या वायरींमधली मधली लाल वायर काढून टेप लावा.

उन्हाळ्यात ग्लूगनचा डिंक मऊ होऊन सर्वो हलायला लागतो, तेव्हा स्क्रूनेच बसवा. पऱ्हाटी उपटून झाल्यावर रिकामं वावर मिळतं. तिथे सकाळी लवकर, मालकाला विचारून उडवा. ड्रोन नियम २०२१ रिमोटवरच्या मॉडेल विमानांनाही लागू आहेत, म्हणून डिजिटल स्काय नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये आहे का ते आधी बघा.

फोनने सर्वो तपासा

उडवण्याआधी प्रोपेलर काढून ठेवा. फोन स्टँडवर लावा, स्लो मोशन १२० फ्रेमवर ठेवा आणि रिमोटची काठी झटक्यात हलवा. व्हिडिओत पट्टा हलायला लागल्यापासून थांबेपर्यंतच्या फ्रेम मोजा. चांगला छोटा सर्वो भाराशिवाय ६० अंश साधारण ०.१ सेकंदात फिरतो, म्हणजे १२ फ्रेम. डाव्या-उजव्यात तीन-चार फ्रेमचा फरक दिसला, तर हळू चालणाऱ्याची काडी काढून पुन्हा मोजा. आता वेग बरोबर आला तर दोष बिजागरीत किंवा काडीत आहे. तरीही हळूच असेल, तर सर्वो बदला.