इंजिनाचा श्वास आणि कारखान्याचें कोष्टक

प्राण्यास जसा श्वास, तशी इंजिनास हवा. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळावयास वजनानें सुमारें 14.7 भाग हवा लागते. हें प्रमाण राखण्याचें काम कार्ब्युरेटरनें अनेक दशकें केलें, आणि तेंही आंकडेमोडीवांचून. अरुंद गळ्यांतून हवा वेगानें गेली कीं तेथील दाब उतरे आणि त्या ओढीनें पेट्रोल आपोआप वर येई. अमेरिकेंतील पिकअप मालमोटारींचे हौशी मालक इंजिनांत फेरफार करीत, ते ह्याच भोळ्या यंत्राच्या भरंवशावर. हवा वाढली कीं मोठें जेट बसवावें, एवढाच त्यांचा शास्त्रार्थ!

1970 मध्यें तेथील स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि हे दिवस सरत चालले. धूर आवरावयाचा तर आंत जाणारी हवा नेमकी ठाऊक हवी. ती जाणण्याचा एक मार्ग जर्मनींतील बॉश कंपनीनें 1967 सालींच 'डी-जेट्रॉनिक' ह्या नांवानें दाखविला होता. त्यांतील 'डी' हें अक्षर दाब ह्या अर्थाच्या जर्मन शब्दाचें. ह्या मार्गांत हवा प्रत्यक्ष मोजीत नाहींत; शोषनळींतील दाब, इंजिनाचे फेरे व तपमान ह्यांवरून तिचें अनुमान करतात. पुढें फोर्ड व जनरल मोटर्स ह्यांच्या मालमोटारींत संगणक आला, तेव्हां ह्या अनुमानास कारखान्यांत सिद्ध केलेल्या कोष्टकाचा आधार मिळाला. कोष्टक खरें, पण केवळ मूळच्या इंजिनापुरतें.

खरी अडचण येथेंच उद्भवली. अधिक शक्तीच्या आशेनें मालक निराळा कॅमशाफ्ट बसवी. त्यामुळें आंतबाहेरच्या झडपा अधिक वेळ एकदम उघड्या राहत आणि मंद गतींत शोषनळींतील दाब चढे. संगणकास वाटे, गाडीवर ओझें पडलें. तो जादा पेट्रोल सोडी. गाडी मात्र जागींच उभी! पदरचे पैसे खर्चून मालकाच्या वांट्यास काळा धूर आणि अडखळणारें इंजिन येई.

दुसऱ्या मार्गांत तापलेली बारीक तार वाहत्या हवेंत धरतात. हवा तिला निववते. तिची उष्णता कायम राखण्यास जी वीज लागते, तीवरून हवेचें वजन कळतें. फोर्डनें 1989 सालीं आपल्या 5 लिटरच्या मस्टँग मोटारींना सरसकट असें मापक दिलें. त्याच मापाच्या इंजिनाच्या पिकअप मात्र दाबावरच चालत राहिल्या. तेव्हां कित्येकांनीं मस्टँगचा संगणक व मापक उचलून पिकअपमध्यें बसविले. काम सोपें नव्हतें: पिकअपमध्यें पेट्रोलचे फवारे गटागटानें उडत, मस्टँगमध्यें एकामागून एक, म्हणून तारांची जोडणीच बदलावी लागे. शिवाय तारेच्या मापकालाही खोड आहेच. त्याच्या पुढें नळीस चीर पडली, तर न मोजलेली हवा आंत शिरते आणि मिश्रण पातळ होतें.

तथापि दाबाचा मार्ग कुचकामी म्हणणें अन्यायाचें होईल. 1991 ची जीएमसी सायक्लोन ही टर्बो बसविलेली, 280 अश्वशक्तीची पिकअप दाबावरच चाले. तिचें कोष्टक कारखान्यानेंच तिच्यासाठीं लिहिलें होतें. पुढें संगणकांतील कोष्टक फिरून लिहिण्याचीं साधनें मालकांच्या हातीं आलीं. तेव्हां मोठा टर्बो बसविणारे कांहीं जण तारेचें मापक स्वतःच काढूं लागले, कारण एवढी हवा त्याच्या मापांत मावेना. आणि ते पुन्हां दाबाकडे वळले, ह्या खेपेस कोष्टक स्वतः लिहून.