वाइनचे अंध-आस्वादन

वाइनचे अंध-आस्वादन : बाटलीवरील नाव, किंमत, वर्ष व उत्पादक झाकून घेतलेली वाइनची परीक्षा. चाखणाऱ्याच्या हाती फक्त पेला येतो. रंग, गंध आणि चव एवढ्यावरूनच त्याला मत बनवावे लागते. वाइनचे रसिक एकमेकांना खरेदीचे सल्ले देतात आणि एखाद्या उत्पादकाच्या शैलीवर हिरिरीने वाद घालतात. अशा मतांवर नावाचा व किमतीचा दाब किती आहे, हे तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ही पद्धत.

पद्धती : बाटल्या पिशव्यांत घालून त्यांवर क्रमांक टाकतात. बोर्दोची बाटली सरळ खांद्यांची, तर बर्गंडीची उतरत्या खांद्यांची असते. आकारावरूनही प्रदेश ओळखू येतो, म्हणून काटेकोर परीक्षेत वाइन आधीच दुसऱ्या भांड्यात ओतून घेतात. तळाशी रुंद व तोंडाशी निमुळता पेला वापरून त्यात सुमारे 50 मिलि. वाइन घेतात. सर्व पेले सारखे व वाइनचे तापमान एकच असावे लागते. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहतात, मग तो गोल फिरवून वास घेतात, आणि घोट तोंडभर फिरवून थुंकतात. आंबटपणा, गोडी, लाल वाइनमधील तुरटपणा, मद्यार्काची ऊब आणि चव जिभेवर किती वेळ रेंगाळते यांची नोंद होते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर तो बहुधा बुचातून उतरलेल्या ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगाचा दोष असतो. टिपणे लिहून होईपर्यंत कोणी बोलत नाही. मोठ्याने उच्चारलेले पहिले मत इतरांच्या जिभेवरही परिणाम करते.

पॅरिसची परीक्षा : या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये घडले. तेथे वाइनचे दुकान चालवणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परिअर आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर यांनी नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे कॅलिफोर्नियाच्या व फ्रान्सच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. दहा पांढऱ्या व दहा लाल वाइन होत्या. प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या. गुण 20 पैकी द्यायचे होते. परीक्षकांत बर्गंडीतील रोमाने-काँती या विख्यात घराण्याचे ओबेर द व्हिलेन आणि फ्रान्समधील प्रतिष्ठित वाइन-नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान यांचा समावेश होता. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत शातो मोंतेलेनाची 1973 ची शार्दोने आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची 1973 ची काबर्ने सोव्हिन्यों पहिली आली. दोन्ही उत्पादक कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यातील होते. हजर असलेले एकमेव वार्ताहर जॉर्ज टेबर यांनी टाइम साप्ताहिकात बातमी दिली आणि उत्तम वाइन फ्रान्सच्या मातीतच होते, या समजाला तडा गेला.

निकालावर आक्षेपही आले. बोर्दोच्या लाल वाइन अजून कोवळ्या होत्या, त्या मुरल्यावर बाजी मारतील, असे म्हटले गेले. 2006 मध्ये त्याच लाल वाइन लंडन व नापा येथे पुन्हा चाखल्या गेल्या; पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाला मिळाले आणि रिज माँटे बेलो 1971 सर्वप्रथम आली. दुसरा आक्षेप अधिक टिकाऊ आहे : 1976 मध्ये वरच्या क्रमांकांतील गुणांचे अंतर फार थोडे होते, परीक्षकांची मते एकमेकांशी जुळत नव्हती. नामांकित फ्रेंच वाइनच्या पंक्तीला कॅलिफोर्निया बसते, एवढे त्या दिवशी ठरले. कोणती एक वाइन जगात श्रेष्ठ, हे ठरले नाही.

मर्यादा : बोर्दो येथे झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली होती. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावतात तशा शब्दांत केले. डोळा नाकाला फसवतो, म्हणून काही ठिकाणी काळे पेले वापरतात. कॅलिफोर्नियातील एका राज्यस्पर्धेच्या अभ्यासात एकाच बाटलीतील वाइन परीक्षकांना पुन्हा पुन्हा दिली, तेव्हा साधारण दहांतील एकालाच आपले मत सातत्याने राखता आले. शिवाय घाईच्या चाखणीत जोरकस, ओक लाकडाचा वास असलेल्या वाइन लक्ष वेधतात आणि जेवणासोबत खुलणाऱ्या नाजूक वाइन मागे पडतात. म्हणून नुसत्या गुणांपेक्षा कारणांसह लिहिलेले टिपण अधिक मोलाचे.

महाराष्ट्रात : नाशिक भागात वाइनच्या द्राक्षांची काढणी मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये होते. राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखल्यावर येथे वाइननिर्मिती वाढली. शेनँ ब्लां, सोव्हिन्यों ब्लां व शिराझ या येथील परिचित जाती होत.

घरगुती चाखणीसाठी यांपैकी एकाच जातीच्या, एकाच वर्षाच्या, जवळपास सारख्या किमतीच्या तीन-चार बाटल्या पुरतात. साध्या पांढऱ्या वाइन ताज्या वर्षाच्या घ्याव्यात आणि कोणतीही बाटली उन्हात वा उष्ण फडताळात ठेवलेली नाही, हे पाहावे. उष्णतेने वाइन लवकर बिघडते. नाव झाकून जी आवडली, तीच आपल्यासाठी चांगली खरेदी होय.