पवईतलं संशोधन आणि आपली मुलं: भौतिकी, सिग्नल आणि संविधान

‘पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षं फी भरायची. मग नोकरी कधी आणि लग्न कधी?’ पालकसभेत हा सवाल आम्हाला दरवर्षी ऐकायला मिळतो, मुलींच्या बाबतीत तर हमखास. हा हिशेबच उलटा आहे. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळवणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनंतर ४२,०००, आणि घरभाडे भत्ता वेगळा.

हे काम चालतं कुठे? आपल्या उपनगरातच. पवईत १९५८ साली सुरू झालेली आयआयटी आहे. तिच्याच आवारात १९८४ साली स्थापन झालेली ‘समीर’ ही केंद्र सरकारची मायक्रोवेव्ह संशोधन संस्था आहे. कर्करोगाच्या रेडिएशन उपचारासाठी लागणारं लिनॅक यंत्र देशात बनवण्याचं काम तिने केलं. २०१४ च्या कायद्याने आलेलं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही पवईतच. घाटकोपर-मुलुंडहून कांजूरमार्ग स्टेशन, अंधेरी-बोरिवलीहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. बस्स.

गणिती भौतिकी म्हणजे निसर्गाचे नियम गणितात मांडून त्यातून काय काय निघतं ते पाहणं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला १९४९ साली जन्मलेले अभय अष्टेकर याच विषयातले. १९८६ साली त्यांनी आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाची समीकरणं नव्या रूपात मांडली. आज जगभर त्या मांडणीला त्यांच्याच नावाने ओळखतात.

हे कागदावरचं गणित सिग्नल इंजिनिअरिंगला कुठे भेटतं, याचा नमुना गुरुत्वीय लहरींचा. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळताना उठलेली लहर पृथ्वीवर पोहोचते तेव्हा ४ किलोमीटर लांबीच्या यंत्रात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. बाकी सगळा गोंगाट. कुर्ला स्टेशनच्या गर्दीत आपल्या लेकराची हाक आपण ओळखतो, कारण तो आवाज आधीपासून डोक्यात असतो. इथेही तसंच: लहर कशी असेल त्याचे हजारो नमुने गणिताने आधीच तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीशी एकेक जुळवून पाहायचे. पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच या पद्धतीवर पायाभूत काम केलं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर नोंदली गेली, तेव्हा तिची खात्री पटवायला हीच पद्धत कामी आली. धुरंधर यांच्याबरोबर काम केलेल्या अर्चना पै आज पवईच्या आयआयटीत शिकवतात. आणि अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले.

आम्हा शिक्षकांना मात्र आयआयटीचंच दुसरं एक काम जास्त जवळचं वाटतं. प्रा. प्रीती राव यांच्या गटाने मुलांचं मोठ्याने वाचलेलं ऐकून ते किती अचूक आणि ओघवतं आहे हे सांगणारी संगणकप्रणाली तयार केली. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याला त्याची किंमत कळेल.

आता कायदा. वकिली वेगळी, संशोधन वेगळं. संविधानाचं कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा-कॉलेज स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. पण ‘स्थापन केलं’ म्हणजे नेमकं काय? अलीगढ विद्यापीठ १९२० च्या कायद्याने आलं, म्हणून ते मुस्लिमांनी स्थापन केलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये अझीझ बाशा खटल्यात म्हटलं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी तो युक्तिवाद बाजूला सारला: कल्पना कोणाची, हेतू कोणता, झटलं कोण, हे पाहा. अलीगढबाबतचा अंतिम फैसला नेहमीच्या पीठाकडे दिला आहे. म्हणजे जुने पत्रव्यवहार, वर्गणीच्या नोंदी, कायद्याचे मसुदे, आणि बरंचसं उर्दूत. दोन्ही भाषा वाचणाऱ्या आपल्या मुलांना इथे मोठा वाव आहे.

तयारी लवकर लागते, कारण एक दार बंद झालंय. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ पासून असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून थांबवली. आता नेट हाच मोठा रस्ता. यूजीसी-नेटमध्ये, ज्यात कायदाही येतो, जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षं. मुलींना आणि ओबीसींना पाच वर्षांची सूट. ज्यांची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे त्यांनी नॉन-क्रीमी लेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात आधीच काढून ठेवावा. राज्याच्या नमुन्यावर अर्ज अडकतो. बीएस्सीनंतर आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम, भौतिकीत पीएचडीला जेस्टही चालते, इंजिनिअरांना गेट.

शाळकरी मुलांसाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गोवंडीच्या अगदी शेजारी. विज्ञान ऑलिम्पियाडचं काम तिथूनच चालतं, आणि बीएस्सीच्या मुलांसाठी ‘निअस’ नावाचा संशोधनाचा उपक्रमही. त्याची माहिती केंद्राच्या संकेतस्थळावर येते. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्याबरोबर ती पाहायला लागावं.